करंजाच्या खाडीतला तिसरा दिवा

साताऱ्याहून पनवेलला निघाले तेव्हा पिशवीत कंदी पेढे होते आणि डोक्यात आमच्या गल्लीतल्या मौलानांनी पढवून दिलेली उत्तरं. पेढे आपासाठी होते आणि उत्तरंही तिच्यासाठीच. आपा म्हणजे माझी थोरली बहीण. आमचं माहेर चिपळूणकडचं. ती लग्न होऊन पनवेलला गेली, मी घाट चढून साताऱ्याला आले. तिचा एकुलता एक मुलगा समीर मोटारसायकलवरून कामाला जात होता. पळस्पे फाट्यावर एका ट्रेलरने त्याला उडवलं, त्याला आता वर्ष उलटून गेलंय.

त्यानंतर आपाने नमाज सोडली नाही. पाच वेळा चटई अंथरते, सगळं यथासांग करते, सलाम फिरवते आणि उठते. नमाजनंतर दोन्ही हात पसरून देवाकडे मागायचं असतं, दुआ म्हणतात तिला, ती मात्र करत नाही. दुलाभाईंनी (माझे मेहुणे) हे मला फोनवर सांगितलं. "हुकूम आहे म्हणून उभी राहते," म्हणाले, "पण त्याच्याकडं काही मागत नाही. नजमा, तू ये. तू बोलायला पटाईत आहेस." आता याला कौतुक म्हणायचं की टोमणा, देव जाणे. पण मी निघाले.

कोणत्याही प्रवासात माझ्या वाट्याला एक तरी भानगड यायचीच. या वेळी कंडक्टरने ऐन वेळी जाहीर केलं की गाडी पनवेल स्टँडात जाणार नाही, फाट्यावर उतरा. मी भांडले. साताऱ्यात बसले तेव्हा का नाही सांगितलंत, असं चांगलं चारचौघांत विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "मावशी, उतरा, मागं लाइन लागलीय." उतरले आणि बघते तर पळस्पे. गोव्याचा रस्ता इथेच फुटतो. डोक्यावर पूल, चारी बाजूंनी ट्रेलर, शहाळ्याची एक गाडी, आणि धुळीत पिशवी सांभाळत उभी मी. जिथे आमचा पोरगा गेला नेमकं तिथेच मला उतरवावं, या योगायोगाला काय म्हणावं? मला एकदम त्याची इतकी आठवण आली की हातातली पिशवी मी धुळीतच टेकवली. लहानपणी साताऱ्याला यायचा तेव्हा माझ्या पोळ्यांवर दही-साखर घालून खायचा आणि वर म्हणायचा, "खाला, आमच्याकडं अशी पोळी नाही, आमच्याकडं भाकरीच." शहाळेवाल्याने न मागता स्टूल पुढे केलं.

दुलाभाई स्कूटर घेऊन आले. पेढ्यांची पिशवी पुढे अडकवली आणि निघाले.

आपाचं घर पनवेलच्या जुन्या मोहल्ल्यात, दुसऱ्या मजल्यावर. दार उघडताच नारळाच्या रसाचा वास आला. तिने सांदण (तांदळाच्या रव्याच्या गोड वाफवलेल्या वड्या) केलं होतं आणि कोलबीचं कालवण. "वाळलीस की गं," म्हणाली. मी वाळलेली नाही, साताऱ्यात कुणालाही विचारा, पण भेटल्यावर असंच म्हणायचं असतं. तीच अर्धी झाली होती. समीरची खोली तशीच होती. दारामागे त्याचा रेनकोट लटकत होता.

जेवण झाल्यावर मी माझी उत्तरं बाहेर काढली. मौलानांनी मला छान समजावलं होतं. आमच्यात फार जुन्या काळी दोन तट होते. एक म्हणायचा, अल्लाह न्यायी आहे, तो कुणावर अन्याय करूच शकत नाही. म्हणून ज्याला विनाकारण दुःख दिलं त्याची भरपाई तो करणारच. दुसरा म्हणायचा, सगळं त्याचं आहे, तो आपल्या मालकीचं हवं तसं वापरील. आपल्या फूटपट्टीने त्याचा न्याय मोजायला आपण कोण? पहिल्यांना दुसरे उद्धट वाटत, दुसऱ्यांना पहिले. मी हे सगळं रंगवून सांगितलं. आपा भांडी पुसत ऐकत होती.

मग म्हणाली, "पहिल्यांचं ऐकलं तर भरपाई मिळते, समीर येत नाही. दुसऱ्यांचं ऐकलं तर तोंड गप्प होतं, समीर येत नाही. मला तो हवाय, नजमा. सांदण घे अजून."

माझी साताऱ्याहून आणलेली शिदोरी तिथेच संपली. मी सांदण घेतलं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. पावसाळा सरून होड्या पुन्हा समुद्रात जायला लागल्या की दुलाभाईंच्या घरी एका गुरुवारी ख्वाजा खिज्रची नियाज (नवसाचा प्रसाद) असते. खिज्र म्हणजे पाण्याचा राखणदार, वाट चुकलेल्यांना वाट दाखवणारा. आमच्यातलेच काही याला नाकं मुरडतात, हे धर्मात नाही म्हणतात. म्हणोत बापडे. दुलाभाईंच्या वडिलांचा सुक्या मासळीचा धंदा होता, त्यांच्यापासून हे चालत आलंय. मलिदा (तूप-गूळ घालून कुस्करलेली पोळी) करायचा, कणकेचे दिवे करायचे, केळीच्या सोपटाच्या होड्यांत ठेवून करंजाच्या खाडीत सोडायचे. घरातलं जे माणूस बाहेर प्रवासावर असतं, ज्याने परत यायचं असतं, त्याच्या नावाने एक दिवा. गेल्या वर्षी नियाज झाली नाही. यंदा आपा आपण होऊन कणीक मळायला बसली, तेव्हा दुलाभाईंनी माझ्याकडे आशेने बघितलं.

त्यांच्या जुन्या व्हॅनमधून निघालो. उलव्याच्या बाजूला जिकडे बघावं तिकडे क्रेन आणि अर्धवट इमारती. तिथल्याच एका इमारतीत समीर वायरिंगची कामं करायचा. आपा खिडकीकडे बघत नव्हती, मांडीवरचं झाकलेलं ताट बघत होती. पुढे मिठागरं लागली, कंटेनरांच्या रांगा लागल्या आणि मग एकदम बोंबलांचा वास आला, म्हणजे करंजा आलं.

धक्क्यावर लिलाव उरकला होता. बायका काठ्यांवर वाळत घातलेले बोंबील काढत होत्या. त्यातलीच हिराबाई, कोळीण, दुलाभाईंच्या घरोब्यातली. तिच्याच होडीच्या आडोशाला दरवर्षी दिवे सोडतात. हिराबाईची एक गोष्ट ठरलेली असते. फार वर्षांपूर्वी ऐन वेळी त्यांच्या होडीला भोक पडलं, होडी धक्क्यालाच राहिली, नवरा शिव्या घालत बसला, आणि त्याच रात्री वादळ झालं. ही गोष्ट ऐकली की दुलाभाई आपली जुनी गोष्ट सांगतात. हजरत मूसा खिज्रांबरोबर प्रवासाला निघाले, वाटेत काही विचारायचं नाही या अटीवर. खिज्रांनी गरीब कोळ्यांच्या होडीला भोक पाडलं. पुढे एका पोराचा जीव घेतला. मूसांना राहवेना, विचारलंच. तेव्हा खिज्रांनी कारण सांगितलं: पुढे एक राजा धडधाकट होड्या हिसकावत होता, भोकामुळे ती वाचली, आणि तो पोरगा म्हणे मोठेपणी आईबापांना छळणार होता. ही गोष्ट मी लहानपणी शंभरदा ऐकली असेन, आणि त्या पोराच्या आईचा विचार एकदाही माझ्या मनात आला नव्हता.

यंदा हिराबाईने चहा दिला, आपाचा हात धरून बसली, पण गोष्ट काढली नाही. आपानेच विचारलं, "होडीची गोष्ट नाही सांगितलीस?"

"नाय गो भाबी," हिराबाई म्हणाली. "आमचं वाचलं, तुजं नाय वाचलं. तुज्यासमोर कशी सांगू?"

गेल्या वर्षभरात आपाला भेटलेल्यांत उत्तर न घेऊन आलेली ही पहिलीच बाई असावी. आपा तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मीही रडले, मला कोण अडवणार?

ओहोटी लागली तसे आम्ही पाण्याशी गेलो. ऊन उतरलं होतं. आपाने ताटावरचा रुमाल काढला. ताटात तीन दिवे होते.

दुलाभाई रोज गाडी घेऊन बाहेर असतात, त्यांचा एक. मी प्रवासात, माझा एक. तिसऱ्याकडे आम्ही नुसतं बघत राहिलो. मेलेल्यांसाठी फातिहा पढतात. त्यांच्या नावाने हा दिवा लावत नाहीत. हा ज्यांनी परत यायचं त्यांचा. समीरच्या नावाने एक वळायची इतक्या वर्षांची सवय, हाताने आपोआप तिसरा वळला होता. दुलाभाई हळूच म्हणाले, "चूक झाली असेल. राहू दे तो." आणि उचलायला वाकले.

"हात लावू नका," आपा म्हणाली.

तिने दोन दिवे सोडले. मग तिसरा पेटवला, गुडघाभर पाण्यात जाऊन सोडला, आणि तिथेच उभी राहिली. साडी भिजत होती. तिने दोन्ही हात पसरले. दुलाभाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. ती मोठ्याने मागत होती, आम्ही ऐकावं म्हणून नाही, तिला आमचं भानच नव्हतं.

"या अल्लाह, मूसांना शेवटी सांगितलंस ना," ती म्हणाली. "मलाही सांग. आत्ता नको सांगू. पण त्याच्यासमोर सांग, तो माझ्याजवळ असताना. तोवर मी विचारत राहणार."

एवढंच. ना सबुरी मागितली, ना माफी. आमच्या मौलानांना हे कितपत चाललं असतं ठाऊक नाही. वाऱ्याने दोन दिवे तिथल्या तिथे विझले, तिसरा होड्यांच्या आड गेला, त्याचं काय झालं दिसलं नाही. हिराबाईने मलिदा वाटून घेतला आणि सुक्या बोंबलांची एवढी मोठी पिशवी माझ्या गळ्यात मारली.

परतीला मी पनवेल स्टँडातूनच गाडी धरली, आधी दोनदा विचारून. पळस्पे आलं. शहाळेवाला होता. बोंबलांच्या वासाने शेजारची बाई नाक दाबून बसली होती, पण मी खिडकीशी हात पसरले आणि तेच मागितलं जे आपाने मागितलं होतं. मी साताऱ्याहून उत्तर घेऊन गेले होते, परत येताना तिचा प्रश्न घेऊन आले. तो माझाही होता, मला इतके दिवस कळलं नव्हतं.

घरी पोचून चप्पल काढते तोच फोन वाजला. आपा.

"पोचलीस का?"

"पोचले."

"बरं झालं," ती म्हणाली. "एका दिव्याचं कळलं. हे पण संध्याकाळी येतील. तिसऱ्याची मी वाट बघते."