हनुवटीवरचा बिबट्या

माझ्या हनुवटीवर, डाव्या बाजूला, बोटाच्या पेराएवढी एक खूण आहे. ती बिबट्याच्या पंजाची आहे हे मी बायकोला लग्नाआधी सांगितलं, सासऱ्यांना साखरपुड्यात सांगितलं, आणि चारकोपच्या आमच्या शाळेत मुलाखतीला गेलो तेव्हा कोणी विचारलेलं नसतानाही सांगितलं. नोकरी मिळाली. पदवीमुळे मिळाली की बिबट्यामुळे, हे मला अजून कळलेलं नाही.

नोकरी विशेष शिक्षकाची. काही मुलांच्या डोळ्यांसमोर अक्षरं जागेवर उभी राहत नाहीत. शाळा त्यांना 'लक्ष नाही' म्हणते, घर 'आळशी' म्हणतं. ती मुलं रोज तासभर माझ्याकडे येतात. खोलीच्या दारावर 'रिसोर्स रूम' अशी पाटी आहे. आधी तिथे खेळाचं सामान ठेवायचे, त्यामुळे सुरुवातीला मी लेझमांच्या ढिगाशेजारी आणि हवा गेलेल्या फुटबॉलांच्या साक्षीने शिकवलं. हवा गेलेले फुटबॉल पण माझ्यापेक्षा जास्त उत्साही दिसायचे, कारण मुलांकडून चार ओळी लिहून घेणं हे काम बिबट्याशी झुंजण्यापेक्षा अवघड आहे. मी दोन्ही केलंय, म्हणून अधिकाराने सांगतो.

त्यात आठवीतली एक मुलगी होती. बोलायला बसली की थांबायची नाही. बिल्डिंगमध्ये कोणाचं कोणाशी भांडण झालं, कोण काय म्हणालं, कोणत्या रंगाच्या गाऊनमध्ये म्हणालं, सगळं. एकदा ऐकलं की पाठ. पण समोर कागद ठेवला की तिचं पोट दुखायचं. खोटं नव्हे, खरंच दुखायचं, चेहरा पांढरा पडायचा. तिची आई मला म्हणाली होती, "सर, वाचून दाखवलं की सगळं येतं हिला. लिही म्हटलं की वाट लागते."

मी सगळे उपाय केले. रंगीत कागद दिले, जाड पेन दिलं, 'माझा आवडता सण' दिला. आवडत्या सणावर तिने एकच ओळ लिहिली होती, 'मला सण आवडतो', आणि बाथरूमला गेली ती तास संपल्यावरच परत आली.

मग माझ्या डोक्यात ब्लॉगची कल्पना आली. मुलं वहीत लिहितात ते वाचतो कोण? मी. तेही हातात लाल पेन घेऊन. असल्या एकुलत्या एका वाचकासाठी मीसुद्धा लिहिलं नसतं. पालकांची परवानगी घेतली आणि मुलांना जमवून भाषण ठोकलं. म्हटलं, "तुम्ही लिहाल ते इंटरनेटवर जाईल. जो लिहील त्याचं सगळं जाईल. शुद्धलेखन तेवढं मी सुधारीन, बाकी एक शब्द इकडचा तिकडे करणार नाही. जग वाचेल. अमेरिकेत वाचतील."

अमेरिकेत माझा एक मावसभाऊ राहतो. त्यानेही एकदाच वाचलं, तेही मी फोन करून सांगितल्यावर.

पण सहावीतल्या एकाने त्याच्या बिल्डिंगच्या लिफ्टवर लिहिलं. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर दोन बोटं खाली थांबते आणि आजीचा पाय अडकतो, एवढंच. दुसऱ्या दिवशी त्याच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी खाली लिहिलं की मेकॅनिक येऊन गेला, आजींना नमस्कार सांगा. तो मुलगा दिवसभर जमिनीला पाय न लावता फिरला. संध्याकाळपर्यंत त्याने पाण्याच्या पंपावर लिहून आणलं. मग गेटवर. मग वॉचमनच्या झोपेवर. सेक्रेटरींच्या प्रतिक्रिया यायच्या बंद झाल्या, पण पोरगा थांबला नाही.

ती मुलगी हे सगळं बघत होती. एक दिवस माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"सर, काहीपण लिहिलं तरी टाकणार?"

"काहीपण."

"नंतर काढणार नाही ना?"

"अजिबात नाही."

"तुमच्याबद्दल लिहिलं तर?"

"माझ्याबद्दल असेल तर सगळ्यात वर टाकीन," मी म्हणालो आणि नकळत कॉलर सरळ केली. विद्यार्थिनी आपल्यावर लिहिणार म्हणजे काय लिहिणार याची मला साधारण कल्पना होती. 'आमचे सर फार प्रेमळ आहेत' वगैरे. मी मनातल्या मनात लाजूनसुद्धा घेतलं.

ती माझ्याकडे पाठ करून बसली. तो तास गेला, दुसऱ्या दिवशीचाही गेला. पोटाचं नाव नाही. मग तिने कागद आणून दिला. मी टाईप करून घेतलं तेव्हा शेजारी उभी होती. टाईप झाल्याबरोबर तिने कागद ओढून घेतला आणि त्याचे बारीक तुकडे करून डब्यात टाकले. आपलं अक्षर कोणी बघू नये म्हणून ती नेहमी तसंच करायची. लेख असा होता:

"सरांचा बिबट्या. आमच्या सरांच्या हनुवटीवर खूण आहे. जूनमध्ये ती बिबट्याने केली. सर करवंदं काढायला गेले होते. गणपतीच्या आधी ती मादी झाली आणि तिच्याबरोबर पिल्लू आलं. दिवाळीनंतर दोन बिबटे होते आणि करवंदांची जांभळं झाली. सरांचं वय आधी अकरा होतं, मग आठ झालं, आता सहा आहे. सहा वर्षांच्या मुलाने दोन बिबट्यांना छत्रीने मारलं. मला सरांची गोष्ट आवडते. पण बिबट्याला कोणीतरी विचारलं पाहिजे."

शब्द दिला होता. टाकलं. सगळ्यात वर.

लिफ्टला मिळाले नव्हते तेवढे वाचक बिबट्याला मिळाले. पालकांच्या ग्रुपवर फिरलं, तिथून कांदिवलीभर, तिथून बोरिवली. दहिसरच्या नाक्यावर ते थांबलं असेल असं मला वाटत होतं, पण नाही, डोंगराला वळसा घालून ते मुलुंडला माझ्या आईच्या फोनवर पोचलं. आईने आयुष्यात पहिल्यांदाच इंटरनेटवर काही लिहिलं ते माझ्या ब्लॉगवर. तिने लिहिलं, "बाळ, तुझं बरोबर आहे. बिबट्या नव्हता. वरच्या काकूंचं काळंभोर मांजर जिन्यात आडवं आलं म्हणून हा घाबरून पळाला आणि पायरीवर आपटला. सरांची आई."

रात्री जेवताना बायकोने पोळी, भाजी, भात रोजच्यासारखं वाढलं. फक्त आमटी वाढताना एकदा हळूच "म्याव" म्हणाली.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीआधी मुख्याध्यापिका बाईंचं बोलावणं आलं. बाईंबद्दल एवढंच सांगतो की त्यांनी साखर सोडली होती आणि हे शाळेतल्या शिपायापासून पहिलीतल्या पोरांपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्यासमोर लाडू खाताना आम्हाला आपण एखादा गुन्हा करतोय असं वाटायचं.

"काय चाललंय हे?" बाईंनी फोन माझ्यापुढे धरला. "ट्रस्टींचा फोन आला होता. हसत होते. ट्रस्टी हसले की मी आधी फायली तपासते."

"बाई, मुलं लिहितायत."

"कोण मुलं? ही? सहामाहीला मराठीच्या पेपरावर स्वतःचं नाव लिहून नुसती बसून होती ही. आणि आता म्हणे 'बिबट्याला कोणीतरी विचारलं पाहिजे'. हे आठवीतल्या मुलीचं वाक्य आहे? सर, हे तुम्ही लिहिलंय. तुमची स्टाईल कळते मला."

माझ्या लिखाणाची आजवर कोणी अशी तारीफ केली नव्हती आणि ती मला नाकारावी लागत होती.

"बाई, तिनेच लिहिलं. दीड पान. पोट न दुखता."

"कागद कुठाय?"

"फाडला तिने."

"सोयीचं आहे."

"बाई, खरं सांगतोय."

बाई खुर्चीत मागे टेकल्या. "सर, मागे तुम्ही मला सांगितलंत की पाचवीतला मुलगा पंधरवड्यात पेपर वाचायला लागला. मी त्याला बोलावलं. त्याने मला राशिभविष्याजवळचा विंचू दाखवला. विंचू बघून विंचू म्हणाला. मी काय समजायचं?"

मुलाने विंचू ओळखला होता हे खरं होतं, त्याच्या पुढचं सगळं मी भरलं होतं.

"ते काढून टाका," बाई म्हणाल्या. "आणि ठेवायचंच असेल तर खाली लिहा, शिक्षकांनी लिहून दिलं. मुलांच्या नावावर मोठ्यांनी लिहिलेलं आपल्या शाळेत चालणार नाही."

तेवढ्यात मी मागे वळलो. ती दारातच उभी होती. बाईंनी तिलाही बोलावलं होतं, हे मला माहीत नव्हतं. तिने शेवटचं वाक्य ऐकलं होतं. तिने फक्त हात पोटावर ठेवला.

मी इतकी वर्षं गप्पा मारतोय, पण आपल्या थापांची किंमत दुसऱ्याने भरायची वेळ त्याआधी माझ्यावर आली नव्हती. तिने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी लिहिलं होतं आणि ते तिचं नाही असं ठरत होतं, कारण साक्षीदार मी होतो.

बाई वाईट नाहीत. त्यांनी तो हात पाहिला. आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "ये गं. इथे बस. माझ्यासमोर चार ओळी लिही. कशावरही. लिहिल्यास तर मी मानेन."

कोणी बघत असलं की तिच्याच्याने अक्षर उमटत नाही, हे मला माहीत होतं. मी समजवायला लागलो की हे असं होत नसतं, या मुलांना वेळ लागतो, वातावरण लागतं.

"सर, तुम्ही बाहेर जा," ती म्हणाली.

"अगं, मी फक्त—"

"तुम्ही असलात तर त्या म्हणतील तुम्हीच खुणा केल्या."

मी बाहेर बाकावर जाऊन बसलो. दार बंद झालं. बाकाच्या दुसऱ्या टोकाला शिपाई होता. तो म्हणाला, "सर, आत बिबट्या आहे का मांजर?" सुट्टीची घंटा झाली, पोरं डबे घेऊन मैदानात गेली, परत आली, शाळा पुन्हा भरली. मी बसल्याबसल्या म्हातारा झालो. आत एकदा फोन वाजला. बाकी चिडीचूप. मला ते पोटावरचं बोट न् बोट दिसत होतं.

मग बाईंच्या टेबलावरची बेल वाजली आणि मला आत बोलावलं.

बाईंनी कागद हातभर लांब धरला होता. त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं, गेलं सगळं. मुलगी टेबलाच्या कडेला बोटं लावून उभी होती. बाईंनी कागद माझ्याकडे सरकवला. अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडलेली, काही उलटी, काना मात्रा शेजारच्या घरी गेलेले. सवय असल्यामुळे मला वाचता आलं.

"बाईंनी मला लिहायला सांगितलं आणि डबा उघडला. फोन आला तेव्हा बाई म्हणाल्या मी मीटिंगमध्ये आहे. मीटिंगमध्ये मी आणि शिरा होतो. शिऱ्यात बेदाणे होते. बाईंनी साखर सोडली आहे. त्यांनी मला पण थोडा शिरा दिला. गोड होता."

मी वाचून संपवलं आणि खिडकीकडे बघत राहिलो, कारण बाईंकडे बघायची सोय नव्हती.

"हे तुम्ही लिहिलेलं नाही," बाई म्हणाल्या.

"नाही."

"तुम्ही असता तर शिऱ्याचं श्रीखंड केलं असतं."

"पुरीसकट," मी म्हणालो.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. "तो बिबट्या तूच लिहिलास. माझं चुकलं. तो राहू दे तिथे, खाली काही लिहायचं नाही." मग टेबलावरचा कागद स्वतःकडे ओढत म्हणाल्या, "हे मात्र मी ठेवते."

"सर म्हणाले होते, लिहिलेलं सगळं जातं," मुलगी म्हणाली.

दोघीही माझ्याकडे बघायला लागल्या. एकीच्या हातात माझ्या नोकरीचा वार्षिक अहवाल होता. दुसरीने नुकताच पोटावरचा हात काढला होता. माझ्या हनुवटीवरची खूण खाजायला लागली.

"जातं, बाई," मी म्हणालो. "सगळं."

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. मग बाई तिला म्हणाल्या, "शिऱ्याऐवजी उपमा कर."

"उपमा नव्हता, बाई."

"गूळ घातलेला होता म्हण मग."

"होता का?"

बाईंनी डब्याकडे पाहिलं. "नाही," त्या म्हणाल्या आणि कागद तिच्या हातात दिला. "जा."

तिने तो फाडला नाही. माझ्याकडे टाईप करायला दिला आणि नंतर घडी करून दप्तरात ठेवला. संध्याकाळी ब्लॉगवर शिरा आला. पहिली प्रतिक्रिया बाईंच्या सुनेची होती. तिने एवढंच विचारलं होतं की घरून तर भाकरी आणि दुधी दिला होता, मग शिरा कुठून आला. दुसऱ्या दिवशीपासून स्टाफरूममध्ये बाईंच्या चहात आम्ही न विचारता साखर घालायला लागलो आणि त्याही न विचारता प्यायल्या.

ती मुलगी आता दहावीत आहे. पोट हल्ली फक्त गणिताला दुखतं. मी वर्गात बिबट्या सांगत नाही. म्हणजे सुरुवात करतो, पण कोणीतरी मागून "सर, लिहून घेऊ का?" म्हणतं आणि बिबट्या जंगलात परत जातो.

हे सगळं लिहून झाल्यावर मी तिला वाचून दाखवलं. तिच्याबद्दल आहे, तिला विचारायला हवं. ती डोळे मिटून ऐकत होती.

"दीड पान नव्हतं, सर. पाऊण होतं."

"मी बाईंना दीडच सांगितलं होतं."

"मग त्यांनी विश्वास ठेवला नाही ते बरोबरच आहे." तिने एक डोळा उघडला. "आणि तुमच्या आईंनी नुसतं मांजर लिहिलं होतं. काळंभोर तुम्ही घातलंत."

मी म्हटलं, "सुधारू?"

"राहू दे, लोकांना कळेलच." ती दप्तर उचलून उठली. "टाका. पण कोणी विचारलं तर हे विद्यार्थिनीने लिहून दिलेलं नाही म्हणून सांगा."