काकांचा ड्रायव्हर

त्या वर्षांत मी घरी बसून वस्तूंविषयी लिहायचे. वाशीतलं एक छोटंसं ऑफिस मला ईमेलने काम पाठवायचं. कधी मिक्सर, कधी पाठदुखीच्या उशा, कधी कुत्र्यांचं खाद्य. मुलगी शाळेत गेली की मी लॅपटॉप उघडायचे, कंपनीचा कॅटलॉग वाचायचे, इंटरनेटवर चार ठिकाणी डोकावायचे आणि संध्याकाळपर्यंत इंग्रजीत एक लेख लिहून टाकायचे. लेखाला ते 'रिव्ह्यू' म्हणायचे.

एके दिवशी तिथल्या संपादकाचा फोन आला. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण भारी हजरजबाबी पोरगा.

"मॅडम, गोल्फ जमेल का? क्लब, बॉल, बूट, सगळं आहे. वर्षभराचं काम आहे."

"अहो, मला गोल्फमधलं काहीच कळत नाही."

"मग मिक्सरमधलं कुठे कळत होतं?"

"मिक्सर मी रोज वापरते."

"आणि कुत्र्यांचं खाद्य?"

मी हसले आणि काम घेतलं.

पहिलाच रिव्ह्यू ड्रायव्हरचा होता. ड्रायव्हर म्हणजे सुरुवातीचा लांब फटका मारायची सगळ्यात मोठी काठी, एवढं ज्ञान मला त्या दिवशी झालं. कॅटलॉगमध्ये एक शब्द ओळीआड येत होता: 'फर्गिव्हनेस'. म्हणजे क्षमाशीलता. काठी कोणाला क्षमा करते आणि का, ते काही कळेना. तरी मी तो शब्द जसाच्या तसा लेखात पाच वेळा घातला आणि पाठवायच्या आधी लेख कुणाला तरी दाखवावा म्हणून खालच्या मजल्यावरच्या काकांकडे गेले.

काका-काकू पनवेलच्या जुन्या ज्यू कुटुंबांपैकी. त्यांचे बरेचसे नातेवाईक इस्राएलला जाऊन स्थायिक झालेले, मुलगाही तिकडेच. हे दोघं मात्र इथेच राहिले. काका एका मोठ्या कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले होते. नोकरीत असताना त्यांना गोल्फ शिकायची संधी मिळाली होती, आणि आता खारघरच्या डोंगरापायथ्याशी मैदान झाल्यावर तर त्यांनी खेळ पुन्हा सुरू केला होता. शनिवारी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, त्यामुळे घरी. रविवारी पहाटे मात्र गाडीच्या डिकीत क्लबची पिशवी टाकून ते निघालेच.

काकांनी माझा लेख डोळ्यांवर चष्मा चढवून अगदी शेवटपर्यंत वाचला.

"छान आहे," ते म्हणाले. "इंग्रजी छान आहे."

"आणि बाकी?"

"बाकी काही नाहीच आहे गं यात." त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "मी स्वतः महिनाभर हेच वाचतोय. मुलगा येणार आहे, म्हणाला, बाबा, कुठला ड्रायव्हर आणू ते ठरवून सांगा. मी वीसेक रिव्ह्यू वाचले असतील. प्रत्येक जण लिहितो, हा आधीच्यापेक्षा दहा यार्ड लांब जातो. दरवर्षी नवा निघतो आणि दरवर्षी दहा यार्ड वाढतात. या हिशोबाने एव्हाना माझा बॉल कर्नाळ्याच्या किल्ल्यावर पडायला हवा होता."

आतून काकूंचा आवाज आला, "तिथे पडला तरी आणायला मलाच पाठवाल."

"मग तुम्हाला काय वाचायचं असतं, काका?"

ते खुर्चीत पुढे सरकले. "माझं वय झालंय. खांदा दुखतो, हात पूर्वीसारखा वेगाने फिरत नाही. बॉल सरळ निघतो आणि मध्येच उजवीकडे वळून झाडीत जातो. अशा माणसाने हा घेतला तर त्याचं काय होईल, एवढंच मला कुणीतरी सांगावं. ते कुणी सांगत नाही. जो लिहितो तो एक तर पंचवीस वर्षांचा पैलवान असतो, नाहीतर..."

"नाहीतर माझ्यासारखी," मी म्हटलं.

काका मनापासून हसले. क्षमाशीलतेचा अर्थही त्यांनीच सांगितला. बॉल काठीच्या तोंडाच्या बरोबर मध्यावर न लागता जरा कडेला लागला, तरी जी काठी तो फार भरकटू देत नाही, ती क्षमाशील.

घरी येऊन मी संपादकाला फोन केला. म्हटलं, कॅटलॉग वाचून मी हे लिहिणार नाही, खरा ड्रायव्हर पाठवा. मला वाटलं होतं तो नाही म्हणेल. पण आठवड्याभरात कुरिअरवाला भलंमोठं लांबोडकं खोकं घेऊन दारात हजर. सोसायटीचा वॉचमन त्याच्याबरोबर वर आला होता. "पडद्याचा रॉड मागवला का, मॅडम?" म्हणाला.

संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं, "काकांना नवा ड्रायव्हर हवाय, त्यासाठी मी रविवारी त्यांच्याबरोबर खारघरला जाणार आहे."

तो जेवता जेवता म्हणाला, "खारघरला कशाला? करंजाड्यात माझ्या ओळखीचा एक आहे. निर्व्यसनी माणूस, गाडी सावकाश चालवतो."

मुलगी आणि मी इतक्या हसलो की त्याला भात संपेपर्यंत काय झालं ते कळलंच नाही.

रविवारी उजाडता उजाडता आम्ही मैदानावर पोहोचलो. डोंगर अजून धुक्यात होता आणि गवतावर दव. काकांनी तिथल्या दोन ओळखीच्या खेळाडूंना आधीच सांगून ठेवलं होतं. एक होत्या बँकेतल्या अधिकारी, खारघरलाच राहणाऱ्या, चाळिशीच्या, फार न बोलणाऱ्या. दुसरे उरणचे. तिथल्या मोरा कोळीवाड्यातले, घरची मासेमारी भाऊ बघायचे आणि यांचे बंदरात ट्रेलर चालायचे. एका परदेशी गिऱ्हाइकाबरोबर एकदा मैदानावर आले, आणि तेव्हापासून त्यांना गोल्फचं वेड लागलं होतं. मी त्यांना दादा म्हणू लागले.

सरावाच्या जागी आम्ही चौघं उभे राहिलो. मी विचारलं, "समजा हा ड्रायव्हर तुम्हाला विकत घ्यायचाय. माझा रिव्ह्यू तुम्ही वाचणार. मी त्यात काय सांगायला हवं?"

बँकेतल्या बाई पटकन म्हणाल्या, "वजन. आणि बायकांसाठी म्हणून जे गुलाबी करून विकतात, त्यात रंगाशिवाय वेगळं काय असतं ते."

दादांनी डोकं खाजवलं. "ताई, आमाला सांगा, ह्यो घेतल्याव मी सुदारनार हाय का नाय? नाय तं मी कोचकडं जातो. आनि आवाज सांगा. माज्याकडं एक होता, मारला की पत्र्याच्या डब्यावानी वाजायचा. समदी मानसं वलून बगायची."

आवाजाचं माझ्या कुठल्याच कॅटलॉगमध्ये नव्हतं.

मग प्रत्येकाने आधी आपापला आणि नंतर नवा ड्रायव्हर चालवून पाहिला. बाईंचे फटके दोन्ही काठ्यांनी जवळजवळ सारखेच गेले. नवा त्यांना तोंडाशी जड वाटला. दादांनी नव्याने पहिलाच बॉल असा काही ठोकला, की तो अंतर दाखवणाऱ्या शेवटच्या फलकापलीकडे गेला. आवाजही गोड होता. ते स्वतःच चकित होऊन काठीकडे बघत राहिले. पुढचे तीन बॉल मात्र जमिनीवरून सरपटत गेले.

"बगा," ते म्हणाले, "पैला फटका दुकानात मारला आसता तं घेऊनच आलो आसतो."

मी ते वाक्य जसंच्या तसं लक्षात ठेवलं.

काकांची पाळी आली. नव्या काठीने त्यांचे बॉल थोडे उंच उडाले आणि मुख्य म्हणजे उजवीकडे कमी वळले. काकांचा चेहरा खुलला. मुलाला काय सांगायचं ते ठरलं, असं मला वाटलं. पण त्यांच्यातला इंजिनिअर स्वस्थ बसेना. "का?" म्हणाले. "कमी का वळतोय? आधी कारण कळू दे."

कुणी म्हणालं दांडा हलका आहे, कुणी म्हणालं तोंडाचा कोन जास्त आहे. मग दादांनी काकांचा जुना ड्रायव्हर हातात घेतला, दोन-चारदा हवेत फिरवला आणि थांबले. मुठीची जागा त्यांनी अंगठ्याने चोळून पाहिली.

"काका, ह्यो रबर कवा बदललाव?"

"बदललाच नाही. का?"

"काचेसारका झालाय. हातातून निसटतंय. मंग तुमी घट धरता, नि घट धरला की मनगट फिरत नाय. बॉल उजवीकडं जानारच."

काकांनी मूठ धरून पाहिली, नवीन धरून पाहिली, पुन्हा जुनी धरली. "अरे!" एवढंच म्हणाले.

पुढच्या रविवारी दादा उरणहून सगळं सामान घेऊन आमच्या सोसायटीत आले. काकांच्या गॅलरीत वर्तमानपत्र पसरलं. ब्लेडने जुनं रबर कापून काढलं, दांड्याला दोन्हीकडून चिकटणारी टेप गुंडाळली, थिनर शिंपडलं आणि नवं रबर एका दमात सर्रकन वर चढवलं. काकू नाकाला पदर लावून उभ्या होत्या. दादांनी त्यांच्यासाठी बर्फातली पापलेटं आणली होती. "कोलबी तुमच्या धरमात चालत नाय, ठावं हाय मला. खवल्याचंच आनलंय," ते म्हणाले. काकूंचा थिनरच्या वासावरचा राग तिथेच निवळला. दादांना जेवल्याशिवाय त्यांनी जाऊ दिलं नाही. पापलेटांची नारळाच्या दुधातली आमटी मीही दोनदा घेतली.

रबर बदललेल्या जुन्या ड्रायव्हरने काकांचे बॉल त्यानंतर सगळेच सरळ गेले असं नाही. पण निम्मे तरी गवतावर राहायला लागले, आणि खांदाही कमी दुखू लागला. मुलाला त्यांनी कळवलं, ड्रायव्हर नको, बॉल आण.

मी रिव्ह्यू पुन्हा पहिल्यापासून लिहिला. कुणी चालवला, त्यांची वयं काय, कुणाचा बॉल कुठे गेला, आवाज कसा होता, कुणाला जड वाटला, हे सगळं लिहिलं. हा ड्रायव्हर कुणी घेऊ नये तेही लिहिलं. आणि शेवटी लिहिलं, की नवा घ्यायच्या आधी जुन्याचं रबर एकदा तपासून बघा.

संपादकाचा लगेच फोन. "मॅडम, 'घेऊ नका' असं लिहिलेला रिव्ह्यू कोण वाचणार?"

"ज्याला घ्यायचाय तो," मी म्हटलं.

"ठीक आहे, टाकतो. बघू."

मग वाचकांचे प्रश्न यायला लागले. आधी दोन-तीन, नंतर रोज. एकाचा गुडघा बदललेला होता. एका बाईंना सासऱ्यांना वाढदिवसाची भेट द्यायची होती आणि सासरे कुठल्या हाताने खेळतात तेच माहीत नव्हतं. कुणाला जुना सेट घ्यायचा होता आणि तो नकली तर नाही ना, ही भीती. संपादकाने सगळे माझ्याकडे पाठवले आणि मी ते छापून काकांकडे नेऊ लागले. काम वर्षभराचं होतं, ते तीन वर्षं चाललं. बाई बुटांच्या रिव्ह्यूला आल्या, दादा पिशव्यांच्या. मीही कधीतरी त्यांच्यात उभी राहून बॉल मारायला शिकले. फार लांब जात नाही, पण कुणाला लागतही नाही.

काकांना प्रश्न कागदावर वाचून समाधान व्हायचं नाही. कुणी फोन नंबर दिला असेल, तर ते थेट फोनच लावायचे. संध्याकाळी मी खाली गेले की गॅलरीतून त्यांचा खणखणीत आवाज ऐकू यायचा. समोरचा माणूस नाशिकचा असो की नागपूरचा, कंपनीचं नाव घ्यायला लागला की काका त्याला मध्येच थांबवायचे.

"ते राहू द्या हो. आधी मला सांगा, तुमचा बॉल जातो कुठे?"

आणि मग खुर्ची ओढून, डोळे मिटून, ते मिनिटंच्या मिनिटं नुसतं ऐकत बसायचे.