गुलाबबाई नव्हे, अबोलीबाई

बाबा, मी नोकरीसाठी दिल्लीला निघाले त्या दिवशी तुम्ही मिरज स्टेशनवर आला नाहीत. घरातच पेपर तोंडासमोर धरून बसलात. आईने गाडीच्या खिडकीतून डबा आत दिला आणि म्हणाली, "पोचलीस की फोन कर. त्यांना मी सांगेन." तेव्हा तुमचा जो राग आला तो अजून गेलेला नाही.

आधी मुनिरकातली भाड्याची खोली, मग लग्न, मग गाझियाबादच्या नव्या सोसायटीत फ्लॅट. लिफ्ट आहे, पॉवर बॅकअप आहे, खाली पार्कभर गेंदा आहे, म्हणजे आपला झेंडू. अबोली मात्र कुठल्याच नर्सरीत मिळाली नाही. तिला हिंदीत काय म्हणतात तेच मला सांगता येईना. मग निदान आईचं गाणं तरी म्हणायचे:

अबोलीबाई, अबोलीबाई, पाणी तापलं न्हाणीत,
ज्याचं त्याला सांग बाई, पंचा आहे खोलीत.

इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात एकदा म्हटलं, बायकांना आवडलं. पुढच्या गणपतीत मुलांनी ते स्टेजवर म्हटलं, 'गुलाबबाई' करून. कार्यक्रमपत्रिकेत खाली छापलं होतं: पारंपरिक. मी मंडळाच्या काकूंना जाब विचारला. "अगं, इथे अबोली कुणाला माहितीये? बच्चे लोग कन्फ्यूज होतात यार," त्या म्हणाल्या. "आणि लोकगीतच तर आहे."

लोकगीत म्हणे. ते कुठून आलं हे तुम्हाला पक्कं माहीत आहे. तुम्ही महिना महिना आईशी बोलायचा नाहीत. ती परसात अबोलीची फुलं खुडताना तुम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या झाडाला निरोप सांगायची. शेजारणींनी ते कौतुकाने उचललं. त्यांना ते गोड वाटायचं, मला लाज वाटायची. तुमचा अबोला होता म्हणून ती अबोली होती, गुलाबाचा तिथे काय संबंध?

आई गेली तेव्हा आपण दोघं तेरा दिवस एका घरात राहिलो आणि एक शब्द बोललो नाही. नंतर दर रविवारी मी फोन करायचे. तुम्ही उचलायचात, खोकायचात, ठेवायचात. जिवंत आहात एवढं कळायचं, तेवढं मला पुरे होतं.

गेल्या रविवारी माझ्या लेकीने, रेवाने, माझ्या हातातून रिसीव्हर ओढून घेतला आणि तुम्हाला गाणं म्हणून दाखवलं, मंडळात शिकवलेलं, गुलाबबाईचं. आणि मला इतक्या वर्षांनी तुमचा आवाज ऐकू आला.

"गुलाब नाही. अबोली."

"अबोली मतलब?" तिने विचारलं. तुम्ही बराच वेळ तिला समजावत होतात. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मम्मा, आजोबा म्हणतायत, आईला सांग, झाड अजून आहे. रोज पाणी घालतो."

मी तिथेच स्टुलावर बसले. रडले, खोटं कशाला सांगू. आणि मग चिडले. आईला तुम्ही आयुष्यभर झाडाशी बोलायला लावलंत. आता निरोप द्यायला माझी मुलगी हवी.

माझं घर आता हेच आहे, आणि या घरात कुणी अबोलीबाई होणार नाही. येत्या रविवारी रेवा खाली पार्कात असेल, फोन मी धरेन. झाडाचं जे काय असेल ते मला सांगा.