सावलीत वाळवलेली पानं

सोलापूरच्या भवानी पेठेतले मल्लप्पा मामा एकतीस वर्षं एका कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात परिचर होते. तेवढ्या काळात क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉल इतकं हुंगून झालं, की घरात आमटी करपली तर ते सगळ्यात शेवटी कळायचं यांना. म्हणून विभागातल्या तरुण संशोधक दाक्षायणी मॅडमनी पीएचडीसाठी नुसतं ग्लिसरीन आणि पाणी आणलं तेव्हा मामा खूश झाले.

"पानातले औषधी अंश काढायला विष कशाला, मामा? यानंही निघतात, बघा."

"मग हे आदी का न्हाय सुचलं कुणाला?"

मॅडमनी हसून ग्लिसरीनची बाटली त्यांच्या हातात दिली.

पानं खारफुटीची. सोलापूरला समुद्र नाही, ही अडचण एसटीच्या पार्सलनं सोडवली. रत्नागिरीहून पोतं आलं. सूचना एकच होती: सावलीत, पंख्याखाली, पंधरा दिवस. ती देऊन मॅडम जेऊरला लग्नाला गेल्या.

पाचव्या दिवशीही पानं चामड्यासारखी मऊ. बुरशी धरली तर पोरीचं वर्ष जाणार. वाळवण म्हणजे काय, हे मामांना बायकोकडून, ईरम्माकडून, ठाऊक होतं: तिची कडक भाकरी गच्चीवरच्या उन्हात पडते आणि महिना टिकते. एप्रिलचं ऊन होतंच. मामांनी पानं कॉलेजच्या गच्चीवर पसरली; दोन दुपारींत ती कुरकुरीत झाली.

मॅडम परतल्या. "काय सुरेख वाळलीत, मामा."

"लई कडक झाल्यात की," मामा म्हणाले. खोटं त्यात काहीच नव्हतं.

तपासणीत औषधी अंश जेमतेम निघाले. मार्गदर्शक सरांनी विचारलं, "पानं उन्हात नव्हती ना ठेवली? त्यात सगळं जळतं."

"मामांनी वाळवलीत, सर. शंकाच नको."

मामा तिथंच बेसिनपाशी चंबू धूत होते. तो धुऊन झाला होता. त्यांनी तो पुन्हा धुतला.

प्रबंधात निष्कर्ष छापला गेला की, ग्लिसरीन-पाण्यानं या पानांतून फारसं काही हाती लागत नाही. विभागात मिथेनॉलचे कॅन परत आले. ऋणनिर्देशात सरांच्या नावाखाली एक ओळ होती: पानं काळजीपूर्वक सावलीत वाळवल्याबद्दल श्री. मल्लप्पा यांचे आभार. ईरम्मानं त्या पानाची झेरॉक्स देव्हाऱ्याशेजारी चिकटवली.

मामा आता निवृत्त आहेत. परवा ईरम्मा भाकऱ्या घेऊन गच्चीवर निघाली, तर म्हणाले, "सावलीत ठेव."

"सावलीत भाकरी बुरसती. येवढं पण कळंना व्हय तुमाला?"

मामांनी देव्हाऱ्याकडं पाठ केली आणि म्हणाले, "मॅडमला सांगायला पायजे हुतं."

"काय?"

"काय न्हाय. जा, ऊन जाईल."