लिफ्ट मजले विसरली तेव्हा

"मॅडम, लिफ्ट सगळा विसरली! आता काय करूचा?"

बोरिवलीहून सावंतांचा फोन. लिफ्ट बसवणारे सावंत मालवणचे. घाबरले की मालवणीत शिरायचे. त्यांचं पहिलंच मोठं काम, एका सोसायटीच्या सगळ्या इमारतींचं. पहिल्या लिफ्टमध्ये आमच्या कंपनीचा कंट्रोलर बोर्ड, म्हणजे लिफ्टचा मेंदू, बसवला होता. सकाळी वीज गेली, परत आली, आणि लिफ्ट सावकाश तळमजल्यावर येऊन बसली. हलेना. सेक्रेटरीबाईंनी बजावलं होतं, संध्याकाळपर्यंत चालली नाही तर ऑर्डर रद्द.

बाकीचे बोर्ड अंधेरीला आमच्या टेबलावर होते. त्या दिवशी त्यांना कायमचं लॉक लावायचं होतं.

लॉक म्हणजे असं. बोर्डावरच्या चिपमधल्या फ्लॅश मेमरीत प्रोग्राम राहतो, वीज गेली तरी. तो कोणी कॉपी करू नये म्हणून लॉक. लेव्हल वन उघडता येतं, पण उघडताना चिप स्वतःला पुसून टाकते. लेव्हल टू कधीच उघडत नाही, आम्हालाही नाही. लेव्हल टूचा हट्ट माझाच. तेव्हा माझा बॉबकट होता, आणि सबंध एमआयडीसीत माझ्याएवढं हुशार कोणी नाही अशी समजूत. नात म्हणते, "आजी, किती ओव्हरकॉन्फिडंट होतीस गं!" होते.

"लॉकिंग थांबवा," मी आमच्याकडे माल पाठवण्याचं बघणाऱ्या देसाईसाहेबांना म्हटलं.

"अहो, टेम्पो खाली उभाय! कायमचं लॉक तुम्हालाच हवं होतं ना?"

"हवं होतं. आता नकोय. मी येईपर्यंत एकाही बोर्डाला हात लावायचा नाही."

"आणि क्लायंटला काय सांगू?"

"माझं नाव सांगा."

बोरिवलीला गच्चीवरच्या मशीनरूममध्ये लॅपटॉप उघडला. सावंतांनी लर्निंग रन केला, म्हणजे लिफ्ट एकदा वर-खाली नेऊन तिला मजले शिकवले. झकास चालली. मेन स्विच बंद करून परत चालू केला. सगळं विसरली.

"चिप खराब आसा," सावंत म्हणाले.

"थांबा हो."

शिकलेले मजले फ्लॅशच्या शेवटच्या भागात लिहिले जायला हवे होते. मी सेटिंग उघडलं. फ्लॅशच्या प्रत्येक भागासमोर एक चौकट असते. टिक केली की त्या भागात कोणीच लिहू शकत नाही, आपला स्वतःचा प्रोग्रामही नाही. मी सगळ्या चौकटी टिक केल्या होत्या. एखादी मोकळी दिसली की मला रांगोळीत ठिपका राहिल्यासारखं व्हायचं. चिप बिचारी दर वेळी कळवत होती, लिहिता येत नाही. ते ऐकणारा कोड लिहायची तसदी या बाईंनी, म्हणजे मीच, घेतली नव्हती. वीज होती तोवर मजले तात्पुरत्या मेमरीत राहायचे, म्हणून कोणाला कळलं नाही.

मग टेस्टिंगमध्ये का सापडलं नाही? आमचं टेस्ट मशीन जुनं. एकदा बंद केलं तर पुन्हा सुरू होताना रुसायचं. म्हणून ते बंद करायचंच नाही असा रिवाज पडलेला. दसऱ्याला हारसुद्धा चालू मशीनलाच. त्यावर बोर्डाची वीज कधी गेलीच नाही.

नशीब, या बोर्डाला लेव्हल वनच होतं. उघडलं, चिप पुसली गेली. प्रोग्राम पुन्हा भरला, शेवटची चौकट मोकळी सोडली, लेव्हल वन परत लावलं. पुन्हा लर्निंग रन. तेवढ्यात सेक्रेटरीबाई वर आल्या.

"बंद करून दाखवा."

सावंतांनी डोळे मिटून स्विच पाडला. परत चालू केल्यावर मी बाईंना घेऊन लिफ्टमध्ये शिरले आणि सातव्याचं बटण दाबलं. लिफ्ट गेली आणि बरोबर लादीला लादी लावून थांबली.

"अजून एकदा," बाई म्हणाल्या. त्यांनी सावंतांना इतक्या वेळा स्विच पाडायला लावला की मला त्यांना आमच्याकडे टेस्टिंगला घ्यावंसं वाटलं. शेवटी म्हणाल्या, "सावंत, उद्या बी विंग सुरू करा."

सावंत जिन्यातच बसले.

अंधेरीला परतून सगळे बोर्ड नव्याने भरले. प्रत्येकाची वीज तोडून बघितली.

"आणि लेव्हल टू?" देसाईसाहेबांनी विचारलं.

"बोर्ड वर्षभर नीट चालू देत, मग विचारा."

कुलूप लावताना चोराचा विचार सगळेच करतात. आतल्या प्रोग्रामला कुठे लिहायचं असतं, तेही आधी बघावं. आणि लॉक करण्यापूर्वी, कोणी कितीही रुसलं तरी, वीज एकदा बंद करावी.