घंटेला उठणारी बाई

नाव कोंडाबाई. पतीचे नाव माहीत नाही. असल्यास ती घेत नाही. वय सत्तरच्या पुढे, पुरावा नाही. मूळ जिल्हा नांदेड, सध्या परराज्यात. मातृभाषा मराठी, बोलणे दखनीमिश्रित. प्रकृती हिंडतीफिरती, डावा गुडघा अधू. स्वभाव निरुपद्रवी. देखभालीची विशेष गरज नाही.

हैदराबादच्या मलकपेठेतल्या सरकारी वृद्धनिवासात हे वर्णन नव्या राज्याच्या पहिल्या उन्हाळ्यात तयार झालं. जुन्या हैदराबाद राज्याचे तीन वाटे झाले होते. कपाटं, टेबलं, कारकून सगळं वाटून दिलं गेलं. म्हाताऱ्यांवर कुणी हक्क सांगितला नाही, म्हणून ते जागच्या जागी राहिले.

कोंडाबाईने आयुष्यभर काय केलं हे वर्णनात नव्हतं, कारण तसा रकाना नव्हता. कळायला लागल्यापासून ती एका जहागीरदाराच्या देवडीत, म्हणजे हवेलीत, चाकरीला होती. बेगमसाहिबा पितळी घंटी वाजवत आणि कोंडाबाई उठे. जेवता जेवता उठे, अंगात ताप असला तरी उठे. जहागिऱ्या गेल्या, देवडी विकली गेली आणि कोंडाबाईला टांग्यात घालून इथे सोडण्यात आलं. ही आपली बदली झाली, असं ती समजली.

कुणी हाक मारली, कुणी नुसतं खाकरलं, तरी ती उठायची. तिचा गुडघा पाहून इथल्या जुन्या सेविकेने, भागूबाईने, एक तोड काढली होती. कोंडाबाईच्या मांडीवर ती डाळीची परात ठेवी. "एवढी निवडून द्या मावशी. सांडलीत तर मीच वेचीन, दुसरं कोण आहे!" डाळ आधीच निवडलेली असे. पण मांडीवर परात असलेली बाई झटकन उठत नाही. ती परात खाली ठेवते, पदर झटकते, तोवर भागूबाई येऊन हात धरी. पुढे भागूबाईचा कारकून नवरा वाटणीत मुंबई राज्याकडे गेला आणि त्याच्यामागून तीही औरंगाबादेला गेली. परात कशासाठी, हे तिला जाताना कुणी विचारलं नाही.

नवे सुपरिंटेंडेंट केशवराव काचीगुड्याचे. भला माणूस होता, आणि हे सांगायलाच हवं, कारण त्याचा काही उपयोग झाला नाही. त्यांनी दोन सुधारणा केल्या. वृद्धांकडून काम करून घेणं बंद केलं. परात स्वयंपाकघरात गेली. आणि प्रत्येक खाटेशी एक पितळी घंटा ठेवली. आबिड्सच्या बाजारात एका दुकानात उभं राहून, एकेक वाजवून, गोड आवाजाच्या तेवढ्या निवडून आणल्या.

शेजारच्या खाटेवरच्या तारामतीबाई खूश झाल्या. "सासरी जन्मभर हाका मारल्या, कुणी ढुंकून पाहिलं नाही. आता बघा!" असं म्हणून त्यांनी घंटा वाजवली. कोंडाबाई उठली.

"अम्मा, बैठो जी! आपकू कौन बुलाया?" नवी सेविका यादम्मा धावत आली.

"घंटी झाली की गं."

केशवराव स्वतः समजवायला आले. "आजी, तुम्ही उठायचं नाही. काही लागलं तर ही वाजवायची. यादम्मा येईल."

"तिला कशाला तरास? म्या हाय की."

"अहो, ती तुमच्यासाठीच आहे."

कोंडाबाई पदराआड हसली. साहेब थट्टा करतात, असं तिला वाटलं. "म्या वाजवू? सरकार, वाजवणारे येगळे अन् उठणारे येगळे." मग साहेबांचा चेहरा पाहून म्हणाली, "बरं." हुकमाला नाही म्हणायची तिला सवय नव्हती. तिला घंटेचा उपयोग समजावला आहे, अशी नोंद झाली.

एका दुपारी यादम्मा न्हाणीघरात कुणाला तरी आंघोळ घालत होती. तारामतीबाईंची घंटा वाजली. थोड्या वेळाने काहीतरी पडल्याचा आवाज झाला. यादम्मा ओल्या हातांनी आली तेव्हा कोंडाबाई दोन खाटांच्या मधे फरशीवर होती आणि शेजारी रिकामा पेला. फरशी कोरडी होती.

खुब्याचं हाड मोडलं होतं. या वयात ते जुळत नाही, असं डॉक्टरांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात केशवरावांना सांगितलं. ते आत गेले, तर कोंडाबाई खाटेवरूनच हात जोडायला लागली.

"सरकार, माज्या जागी दुसरी बाई ठिवू नका. पाय बरा झाला की येतेच म्या."

"नाही ठेवणार."

"आन घ्या."

केशवरावांनी शपथ घेतली. पावसाळा लागायच्या आत कोंडाबाई गेली.

चौकशी रीतसर झाली. निष्कर्ष असा: निवासातील घंटांची व्यवस्था समाधानकारक आहे, तथापि घटनेच्या वेळी वाजलेल्या घंटेस कोणीही प्रतिसाद दिला नाही.

तारामतीबाईंना पाणी मिळालं होतं.