दंडावरच्या बलिया

याडी, म्हणजे माझी आई, गोठ्याच्या दारात घसरली आणि उजव्या खांद्यावर पडली. यवतमाळला एक्सरे काढला तेव्हा कळलं, दंडाचं हाड खांद्यालगत मोडलंय. तुकडे फारसे सरकले नव्हते. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नको, प्लास्टरही नको. हात गळ्यातल्या झोळीत ठेवा, हाड आपसूक जुळेल. फक्त दंडावरच्या बलिया आत्ताच कापू, कारण सूज खांद्यावरून खाली उतरणार.

तिथंच गाडं अडलं. आमच्या बंजारा तांड्यातल्या जुन्या बायका कोपराच्या वर या पांढऱ्या जाड बांगड्या घालतात. त्या लग्नात चढतात आणि नवरा गेला की उतरतात, मधे नाही. मनगटावरच्या बांगड्या याडीनं मुकाट काढू दिल्या. पण नर्सनं दंडाला हात लावला, तशी ती मोडका हात धरून स्टुलावरून उठली.

"इचा बाप जित्ता आहे," हनुवटीनं माझ्याकडे दाखवत ती डॉक्टरांना म्हणाली. "पलस्तर लावाइतकं बी मोडलं नाई म्हंता, अन् बलिया कायले कापता?"

डॉक्टरांनी समजावलं, मी तोंड सोडलं. शेवटी 'घरी साबण लावून काढतो' अशी थाप मारून तिनं सुटका करून घेतली. निघताना डॉक्टर मला म्हणाले, बोटं बघत राहा. गार पडली, बधिर झाली तर वेळ काढू नका, हात जाऊ शकतो.

साबण काही तिनं लावला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या अंगावरची ओढणी ओढली. दंड वांग्यासारखा काळानिळा झाला होता आणि बलिया मांसात रुतल्या होत्या. बोटं सुजून गार पडलेली. तिनं मान भिंतीकडे फिरवली.

"चिमटा काढला, लागते का?" मी विचारलं.

"लागते."

मी चिमटा काढलाच नव्हता.

घरात आम्ही आमच्या गोरबोलीत बोलतो, भांडण मात्र का कोण जाणे वऱ्हाडीतच होतं. "खोटं काहून बोलतं? हात गेला तर काय करशीन?" मी ओरडले. "हात माहा आहे," ती म्हणाली, "अन् नवरा बी माहाच आहे." मला इतकी भीती वाटत होती की ती बाहेर पडताना रागच होऊन येत होती. राळेगावला ऑटोवाल्याला फोन लावला. त्याला यायला वेळ लागणार होता.

आवाज ऐकून बा गोठ्यातून आत आला. त्यानं तिची बोटं हातात घेतली, दाबून पाहिली आणि अवजारांच्या डब्यातून लोखंड कापायचं पातं काढलं.

"काहो, अपशकुन करून राह्यले का?" याडी रडकुंडीला आली.

"माह्यासाठी घातल्या नं? मंग मीच काढतो. मी आहो समोर, माह्याकडे पाह्य."

मी तिचं कोपर उशीवर धरलं. बलियेखाली चमच्याचा दांडा कसाबसा सरकवला, म्हणजे पातं कातडीला लागू नये. पातं ओढलं की दंड हलायचा आणि ती ओढणी दातात धरायची. बा थांबला तर पुन्हा सुरू करणार नाही असं वाटून मी एकसारखी "चाल, बा, चाल" म्हणत होते. पहिली बलिया तुटली, तसं त्यानं पातं दुसरीवर टेकवलं. शेवटची तुटेपर्यंत ऑटो दारात आला होता.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, रक्त खेळायला लागलंय. बोटांतला बधिरपणा कधी जाईल, जाईल की नाही, ते मात्र त्यांना सांगता येईना.

हाड जुळलं. पण वाकून हात लोंबता सोडायचा आणि हळूहळू झुलवायचा, हा व्यायाम याडीनं कधी केला नाही. हललं तर हाड पुन्हा सुटेल, अशी तिची समजूत. खांदा आखडला तो आखडलाच, बोटंही बधिरच राहिली. आता हात डोक्यापर्यंत जात नाही. मी गावी आले की तिची वेणी घालते. नव्या बलिया आणू म्हटलं तर म्हणाली, "उतरल्या त्या उतरल्या." तेव्हापासून मात्र तिनं बाची राखण सुरू केली. तो खोकला तरी ही चुलीपुढून उठते.

परवा दुपारी बा खाटेवर झोपला होता. याडी वाकली. उजवा हात खांद्यातून सैल लोंबला, जरासा झुलला, आणि तिनं बोटं त्याच्या नाकासमोर धरली.

"जित्ता आहो," बा डोळे न उघडताच म्हणाला.

"उगे राहा," ती म्हणाली. बोटं तशीच धरून ती थोडा वेळ थांबली. मग माझ्याकडे वळली.

"लागते," ती म्हणाली. "आता खरंच लागते."